विषुववृत्तावर मोकळा समुद्र उरतो का? प्राचीन जागतिक हिमयुगांचे मॉडेल करू पाहणाऱ्यांसाठी

सुमारे ७१.७ ते ६६ कोटी वर्षांपूर्वीचे स्टर्टियन आणि ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपलेले मॅरिनोअन ही क्रायोजेनियन काळातली दोन महाहिमयुगे. त्या काळातले हिमनदीचे गाळ विषुववृत्ताजवळ, समुद्रसपाटीला साचले होते, असे खडकांतल्या चुंबकीय नोंदी सांगतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातला एलाटिना थर हे त्याचे सर्वांत भक्कम उदाहरण. यावरून जोसेफ कर्शव्हिंक यांनी १९९२ मध्ये 'स्नोबॉल अर्थ' ही संकल्पना मांडली: ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत सगळा समुद्र गोठलेला. मग प्रकाशसंश्लेषण करणारी शैवले तगली कशी, या प्रश्नातून दुसरी शक्यता पुढे आली, ती म्हणजे विषुववृत्ताभोवती मोकळ्या पाण्याचा अरुंद पट्टा उरला असावा. या लेखात त्याला जलपट्टा म्हटले आहे.

मॉडेलमध्ये जलपट्टा 'दिसणे' अवघड नाही. तो खरोखर स्थिर आहे की ग्रिड (गणितासाठी पृथ्वीचे पाडलेले पट्टे किंवा चौकटी), बर्फाची परावर्तकता (प्रकाश परत फेकण्याचे प्रमाण) किंवा अपुरा रन (मॉडेल पुरेशी वर्षे न चालवणे) यांमुळे दिसतो, हे दाखवणे अवघड आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: काळ ठरवा, मग सूर्य ठरवा

सुरुवातीलाच एक काळ निवडा आणि त्याला चिकटून राहा. स्टर्टियनचा सूर्य, मॅरिनोअनचे खंड आणि आजची कक्षा अशी खिचडी केली, तर शेवटी तुलना कशाशीच करता येत नाही.

६५ कोटी वर्षांपूर्वी सूर्य आजच्या सुमारे ९४ टक्के तेजाने तळपत होता. आजचा सौर स्थिरांक १,३६१ वॅट प्रति चौरस मीटर धरला तर त्या काळी तो सुमारे १,२७९ येतो, आणि गोलाच्या सरासरीसाठी ४ ने भागल्यावर ३१९.८. शोषल्या जाणाऱ्या उष्णतेतली ही तूट साधारण १४ वॅटची आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की सुमारे ३.७ वॅट मिळतात, म्हणजे नुसती सूर्याची कमतरता भरून काढायला तो जवळपास चार वेळा दुप्पट व्हावा लागतो. हा हिशेब कागदावर करून ठेवा. पुढे मोठ्या मॉडेलमध्ये १,००० पीपीएमवरही पृथ्वी गारठलेली दिसली, तर ती चूक नसून याच हिशेबाचा परिणाम असू शकतो, हे लगेच लक्षात येईल.

पायरी २: एका मितीचे मॉडेल स्वतः लिहा

ही पायरी गाळून थेट त्रिमितीय मॉडेलकडे जाऊ नका. बुडिको आणि सेलर्स यांनी १९६९ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेले ऊर्जा-समतोल मॉडेल आजही या विषयाचा पाया आहे. शंभरेक ओळींत ते पायथॉनमध्ये लिहून होते. क्लायमलॅब हे मोफत पॅकेज तेच काम तयार स्वरूपात करते, पण पहिल्यांदा हाताने लिहा.

समीकरण शब्दांत असे: पट्ट्याची उष्णताधारिता गुणिले तापमान बदलण्याचा वेग = शोषलेला सूर्यप्रकाश − बाहेर जाणारे अवरक्त प्रारण + शेजारच्या पट्ट्यांतून वाहून आलेली उष्णता.

आकडे हे घ्या:

- बाहेर जाणारे प्रारण = २१० + २ × तापमान (अंश सेल्सिअस), वॅट प्रति चौरस मीटरमध्ये. यातल्या २१० ला पुढे 'उत्सर्जन स्थिरांक' म्हणू. हरितगृह वायू वाढले की हा आकडा कमी होतो.
- वहन गुणांक ०.५५५ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश.
- उष्णताधारिता १० मीटर पाण्याएवढी, म्हणजे ४.२ कोटी ज्यूल प्रति चौरस मीटर प्रति अंश.
- सूर्यप्रकाशाची अक्षांशानुसार वाटणी = १.२४ − ०.७२ × (अक्षांशाच्या साइनचा वर्ग). विषुववृत्तावर १.२४, ध्रुवावर ०.५२, सरासरी नेमकी १.
- गोठण मर्यादा: वार्षिक सरासरी उणे १० अंश.

ग्रिड अक्षांशाच्या अंशांत पाडू नका, साइनमध्ये समान पट्टे पाडा. ९० पट्टे घेतले तर प्रत्येकाचे क्षेत्रफळ सारखे येते, त्यामुळे जागतिक सरासरी म्हणजे साधी सरासरी. दुसरा फायदा आपल्या प्रश्नासाठी जास्त मोलाचा आहे: विषुववृत्ताजवळ पट्ट्याची रुंदी सुमारे १.३ अंश मिळते, तर ध्रुवावरचा शेवटचा पट्टा ७८ अंशांपासून ९० पर्यंत पसरतो. बारकावा जिथे हवा तिथेच मिळतो.

उष्णतेचा प्रवाह पट्ट्यांच्या कडांवर मोजा, मध्यावर नाही. प्रवाहाला (१ − साइनचा वर्ग) या घटकाने गुणले जाते. तो ध्रुवावर आपोआप शून्य होतो, म्हणून तिथे वेगळी सीमा-अट घालावी लागत नाही. सर्व पट्ट्यांतल्या वहनाची बेरीज प्रत्येक टप्प्यावर शून्य आली पाहिजे. ती येत नसेल तर पुढे जाऊच नका.

कालटप्प्यात बहुतेक जण इथे फसतात. साध्या पुढे-चाल पद्धतीत (पुढचे तापमान फक्त आत्ताच्या तापमानावरून काढतात) ९० पट्ट्यांसाठी टप्पा सुमारे ५ तासांपेक्षा लहान हवा. पट्टे दुप्पट केले की ही मर्यादा चौपट आवळते, म्हणजे १८० पट्ट्यांना सव्वा तास. टप्पा मोठा झाला की तापमान एकाआड एक पट्ट्यात वर-खाली नाचू लागते आणि काही क्षणांत आकडे फुटतात. त्रास नको असेल तर वहनाचा भाग अंतर्निहित पद्धतीने, म्हणजे सगळ्या पट्ट्यांची नवी तापमाने एकत्र समीकरणांतून काढून, सोडवा, मग एक दिवसाचा टप्पाही चालतो.

पायरी ३: तीन ज्ञात उत्तरांशी ताडा

परावर्तकता म्हणजेच अल्बेडो सगळीकडे सारखा ठेवला की या मॉडेलचे उत्तर हाताने काढता येते. म्हणून बर्फाचा नियम घालण्याआधी ताडणी करा.

सौर स्थिरांक १,३६१ आणि परावर्तकता ०.३०: जागतिक सरासरी १४.१ अंश, विषुववृत्त २४.८, ध्रुव उणे ७.४. आता वहन गुणांक दुप्पट करा. सरासरी तसूभरही हलता कामा नये, फक्त ध्रुव आणि विषुववृत्त यांतला फरक कमी व्हायला हवा. शेवटी वहन गुणांक पुन्हा ०.५५५ करून सौर स्थिरांक १,२७९ आणि परावर्तकता ०.६२: सरासरी उणे ४४.२, विषुववृत्त उणे ३८.८, ध्रुव उणे ५५.२. अगदी टोकाच्या पट्ट्यांची मूल्ये थोडी मागे-पुढे होतील, कारण पट्टा हा बिंदू नव्हे. सरासरी मात्र दशांशापर्यंत जुळली पाहिजे.

पायरी ४: खाली उतरा, मग वर चढा

आता बर्फाचा नियम घाला: उणे १० पेक्षा उबदार तिथे ०.३२, थंड तिथे ०.६२. उत्सर्जन स्थिरांक २१० वर ठेवून सूर्य आजच्या तेजापासून अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने कमी करत जा. प्रत्येक टप्प्याची सुरुवात मागच्या टप्प्याच्या अंतिम स्थितीपासून करा. बर्फाची कड काही काळ संथपणे विषुववृत्ताकडे सरकते आणि एका टप्प्यावर उरलेला सगळा समुद्र एकदम गोठतो. ही बर्फ-परावर्तकतेची घसरण: बर्फ वाढले की प्रकाश परत फेकला जातो, थंडी वाढते, बर्फ आणखी वाढते. मध्य-अक्षांश ओलांडून कड उष्णकटिबंधाकडे आली की वाढीव थंडीला वहनाने आलेली उष्णता पुरी पडत नाही.

गोठल्यावर सूर्य पुन्हा वाढवा. वरच्या आकड्यांनी विषुववृत्तावरचे बर्फ सुटायला सौर स्थिरांक सुमारे १,८३५ पर्यंत न्यावा लागतो, आजच्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त. गोठण्याचा बिंदू आणि वितळण्याचा बिंदू यांतले हे अंतर म्हणजेच हिस्टेरेसिस. पुढच्या प्रत्येक मॉडेलमध्ये हीच रुंदी मोजायची आहे.

सूर्याऐवजी कार्बन डायऑक्साइडने हेच करताना एक सावधगिरी हवी. '५.३५ गुणिले गुणोत्तराचा नैसर्गिक लघुगणक' हे प्रचलित सूत्र आजच्या आसपासच्या प्रमाणांसाठी आहे. ९४ टक्के सूर्यात गोठलेली पृथ्वी सोडवायला या मॉडेलमध्ये उत्सर्जन स्थिरांक सुमारे १५२ लागतो. तो त्या सूत्रातून काढायला गेलात तर आजच्या संपूर्ण वातावरणापेक्षाही कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड येतो. या टोकाला लघुगणकी सूत्र आणि प्रारणाची सरळ रेषा दोन्ही निकामी ठरतात. वितळण्याचा अभ्यास करायचा तर खरे प्रारण-गणित करणारे मॉडेलच घ्या.

आलेखात बर्फाची कड पायऱ्या-पायऱ्यांनी सरकताना दिसली, तर ते निसर्गाचे वागणे नसून ग्रिडचे आहे. परावर्तकतेची उडी तीक्ष्ण असली की कड एकेका पट्ट्यावर अडकून बसते आणि खोटे 'स्थिर' बिंदू तयार होतात. उपाय दोन: परावर्तकता ३–४ अंशांच्या तापमानात टॅनएच फलनाने (एस आकाराची हळुवार चढण देणारे फलन) गुळगुळीत बदलू द्या, किंवा कडेचा अक्षांश पट्ट्याच्या आत अंतर्वेशनाने काढून त्या पट्ट्याला मिश्र परावर्तकता द्या. पट्टे दुप्पट करून उत्तर तेच येते का, हे दोन्ही बाबतींत पाहा.

पायरी ५: उघडे बर्फ आणि हिमाच्छादित बर्फ वेगळे करा

जलपट्ट्याचा गाभा या पायरीत आहे, इथे घाई करू नका.

सगळे समुद्रबर्फ सारखे पांढरे नसते. ताजे हिम पडलेल्या बर्फाची पृष्ठ-परावर्तकता ०.८ च्या आसपास, तर हिम नसलेल्या थंड समुद्रबर्फाची ०.५ च्या आसपास असते. उपोष्ण पट्ट्यात हवा खाली उतरते, बाष्पीभवन हिमवृष्टीपेक्षा जास्त होते. त्यामुळे थंडी पसरत बर्फ तिथे पोहोचले की त्याच्यावर हिम टिकत नाही आणि तुलनेने गडद बर्फ उघडे पडते. ते जास्त सूर्यप्रकाश शोषते आणि घसरणीला लगाम बसतो. डोरियन ॲबट, आइको फॉइग्ट आणि डॅनियल कोल यांनी २०११ मध्ये ही यंत्रणा मांडली. पृथ्वीला वेढून बसलेल्या नॉर्स पुराणातल्या सागरसर्पावरून या स्थितीला 'यॉर्मुंगांड' म्हणतात.

तुमच्या मॉडेलमध्ये तीन परावर्तकता द्या: पाणी ०.३२, उघडे बर्फ ०.३६, हिमाच्छादित बर्फ ०.६२. हे आकडे वातावरणाच्या माथ्यावरचे आहेत, म्हणून ते पृष्ठभागावरच्या आकड्यांसारखे दिसत नाहीत. ढग आणि हवा फरक पुसट करतात. अक्षांशाचा साइन ०.३५ पेक्षा कमी, म्हणजे साधारण २०.५ अंशांच्या आत, बर्फ उघडे समजा. सूर्य ९४ टक्के ठेवा आणि उत्सर्जन स्थिरांक १९५ ते २१२ दरम्यान अर्ध्या वॅटने हलवा.

प्रत्येक मूल्यासाठी तीन सुरुवाती हव्यात: बर्फमुक्त उबदार, पूर्ण गोठलेली, आणि १५ अंशांपर्यंत पाणी व पुढे बर्फ. वरच्या आकड्यांनी साधारण १९९ ते २०९ दरम्यान तिसरी सुरुवात जलपट्ट्यातच स्थिरावते. आता उघड्या बर्फाची परावर्तकता ०.३६ वरून ०.४० करा. सुमारे १० वॅटची ती खिडकी जवळपास निम्मी होते. परावर्तकतेतल्या चार शतांशांनी निष्कर्षाचा जीव जातो, हे एकदा स्वतःच्या आलेखात पाहिले की मोठ्या मॉडेलच्या परावर्तकता-तक्त्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

पायरी ६: त्रिमितीय मॉडेल निवडा आणि मांडा

शिकण्यासाठी प्लॅनेट सिम्युलेटर, अर्थात प्लासिम, सोयीचे आहे. साध्या संगणकावर चालते. पण त्याच्या टी२१ ग्रिडवर ('टी'पुढचा आकडा जितका मोठा तितका ग्रिड बारीक) एक अक्षांश-ओळ ५.६ अंशांची असते. जलपट्ट्याची कड ५ ते १५ अंशांत फिरते, म्हणजे तुमचा सगळा प्रश्न एका गोलार्धात दोन-तीन ओळींवर उभा राहतो. टी२१ वर तंत्र शिका, निष्कर्ष मात्र किमान टी४२ वर काढा (२.८ अंश), जमल्यास टी६३ वर (१.९ अंश).

मांडणीत या गोष्टी बदला: सौर स्थिरांक, कक्षा (उत्केंद्रता शून्य आणि कल २३.५ अंश ही साधी सुरुवात), वनस्पती पूर्ण काढून उघडी जमीन, मानवनिर्मित धूलिकण शून्य. ओझोन आजचाच ठेवला तर तसे लिहून ठेवा. खंडांसाठी दोन मार्ग आहेत. पहिल्यांदा जलग्रह, म्हणजे खंडच नाहीत आणि ५० मीटर खोलीचा स्थिर पाण्याचा थर; यात उत्तर-दक्षिण सममिती असते, म्हणून चूक लगेच दिसते. त्यानंतर रोडिनिया हा प्राचीन महाखंड फुटतानाची पुनर्रचना. त्या काळी खंड बरेचसे उष्णकटिबंधात होते, ही बाब मोठी आहे.

पुराभूगोल घालताना मॉडेल कोसळण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. जमीन-समुद्राचा मुखवटा वातावरणात एक आणि समुद्रात दुसरा राहतो. एका चौकटीएवढ्या सामुद्रधुनीत वेग बेसुमार वाढतो. ती किमान दोन-तीन चौकटी रुंद करा किंवा बुजवा. नद्यांचे मार्ग आजचेच राहतात आणि पाणी खळग्यात अडकते. मग समुद्राची क्षारता हळूहळू चढत जाते आणि शेकडो वर्षांनंतरच शंका येते. शंभर वर्षांच्या रननंतर एकूण क्षार आणि एकूण पाणी यांची बेरीज तपासली तर हे आधीच पकडता येते.

आणखी एक अडचण फक्त या विषयात येते. समुद्राचा सर्वांत वरचा थर १० मीटर जाडीचा आणि बर्फ मात्र १२ मीटर झाले की अनेक मॉडेल तिथेच थांबतात. बर्फाच्या जाडीला कमाल मर्यादा घालावी लागते, पण ती घालताना गोठण्याची उरलेली उष्णता कुठे जाते ते पाहा. ती हरवली तर ऊर्जेचा हिशेब कायमचा बिघडतो.

पायरी ७: समुद्रबर्फाचे तीन प्रश्न

पहिला, बर्फ हलते का. वारा आणि प्रवाह बर्फाला विषुववृत्ताकडे ढकलतात. फॉइग्ट आणि ॲबट यांनी २०१२ मध्ये दाखवले की समुद्रबर्फाची हालचाल चालू केली की गोठणे कितीतरी सोपे होते आणि उष्णकटिबंधातली बर्फाची कड अस्थिर होते. याचा सरळ अर्थ: बर्फ जागच्या जागी ठेवणाऱ्या मॉडेलमधला जलपट्टा पुरावा म्हणून पुरेसा नाही. आधी हालचाल बंद ठेवून रन करा, मग त्याच स्थितीतून ती चालू करा आणि पट्टा किती वर्षे टिकतो ते नोंदवा.

दुसरा, बर्फात उभे थर किती. एक-दोन थरांच्या योजना उष्णकटिबंधीय बर्फाच्या पृष्ठभागावरचा दिवस-रात्रीचा चढ-उतार दोन ते तीन पट जास्त दाखवतात. दुपारी पृष्ठभाग वितळबिंदूला टेकला की परावर्तकता घसरते, म्हणून अशा योजनेत वितळणे खोटे-खोटे लवकर सुरू होते. शिवाय परावर्तकतेचा नियमही वाचा: हिमाची परावर्तकता कोणत्या तापमानापासून कमी होते आणि किती सेंटिमीटर हिम असले की बर्फ 'झाकलेले' मानले जाते. हे दोन आकडे आजच्या आर्क्टिकसाठी जुळवलेले असतात.

तिसरा, जाड बर्फ वाहते. गोठलेल्या समुद्रावर बर्फ किती जाड होईल याचा अंदाज साधा आहे: बर्फाची उष्णतावाहकता २.२, वर-खाली ४० अंशांचा फरक, तळातून येणारी भूगर्भीय उष्णता ०.०८ वॅट, २.२ × ४० ÷ ०.०८ = १,१०० मीटर. एवढे जाड बर्फ स्वतःच्या वजनाने हिमनदीसारखे विषुववृत्ताकडे सरकते. गुडमन आणि पिअरहंबर्ट यांनी २००३ मध्ये यालाच सागरी हिमनद्या म्हटले. नेहमीच्या हवामान मॉडेलमध्ये ही प्रक्रिया नसतेच. तुमच्या जलपट्ट्याच्या बाहेर शेकडो मीटर बर्फ साचायला पुरेसा काळ मिळत असेल, तर हे बर्फ पट्ट्यात किती शिरेल आणि वितळवायला किती उष्णता लागेल, याचा वेगळा हिशेब द्यायलाच हवा.

पायरी ८: ढग

ढगांवर अख्खा निष्कर्ष पालटतो. उपोष्ण पट्ट्यावर परावर्तक ढग दाट असतील, तर खाली पाणी आहे की बर्फ याने वरून फारसा फरक पडत नाही. परावर्तकतेची घसरण मंदावते आणि जलपट्टा टिकतो. ढग विरळ असतील तर बर्फ आणि पाणी यांतला फरक उघडा पडतो आणि पट्टा मिटतो. ब्राउन, हॉर्नर, फॉइग्ट आणि पिंटो यांनी २०२२ मध्ये नेमके हेच दाखवले. वाद अडतो तो मिश्र-अवस्था ढगांवर, ज्यांत गोठणबिंदूखालचे द्रव थेंब आणि हिमकण एकत्र असतात. द्रव थेंब जास्त, तर ढग चमकदार. हिमकणांनी बाष्प खेचून थेंब संपवले, तर ढग फिका.

म्हणून मॉडेलच्या सूक्ष्मभौतिकी (ढगांतले थेंब आणि हिमकण यांचे गणित) विभागातले दोन-तीन गुणांक शोधा: द्रव आणि हिम यांची विभागणी कोणत्या तापमानाला होते, हिमकण थेंबांना किती वेगाने खातात, ढगातल्या थेंबांची संख्या किती धरली आहे. प्रत्येक गुणांक एकेकटा, दोन्ही दिशांना हलवून जलपट्ट्याच्या सीमा पुन्हा मोजा. एकाच ढग-योजनेवर उभा केलेला निष्कर्ष मांडू नका.

पायरी ९: समुद्राची उष्णता

स्थिर थराच्या मॉडेलमध्ये समुद्र उष्णता वाहून नेत नाही. खऱ्या समुद्रात वाऱ्याने चालणारे उथळ अभिसरण उष्णकटिबंधातून उष्णता बाहेर नेते आणि ती उपोष्ण अक्षांशांत, बर्फाच्या कडेपाशी सोडते. ब्रायन रोझ यांनी २०१५ मध्ये दाखवले की फक्त याच बळावरही जलपट्टा स्थिर राहू शकतो, उघड्या बर्फाची यंत्रणा नसतानाही. म्हणजे जलपट्ट्याला दोन वेगळ्या वाटा आहेत. तुमच्या मॉडेलमध्ये कोणती काम करते आहे ते वेगळे काढण्यासाठी एका रनमध्ये बर्फाची परावर्तकता सगळीकडे एकच ठेवा, आणि दुसऱ्यात समुद्री वहन बंद करा.

आजच्या हवामानासाठी जुळवलेला 'क्यू-फ्लक्स' (समुद्री वहनाच्या जागी बाहेरून घातलेली ठरीव उष्णता) स्थिर थराच्या मॉडेलमध्ये ठेवून देणे ही फार नुकसान करणारी चूक आहे. तो आजच्या खंडांच्या आणि आजच्या बर्फाच्या जागा गृहीत धरतो आणि गोठलेल्या समुद्रात खालून उष्णता ओतत राहतो. तो शून्य करा.

पायरी १०: स्थिर कधी म्हणायचे

कार्बन डायऑक्साइडच्या पायऱ्या दुपटीने घेऊ नका. दुपटीची पायरी ३.७ वॅटची होते आणि अरुंद खिडकी त्यात निसटून जाते. प्रत्येक पायरीला १.४१ ने भागा किंवा गुणा, म्हणजे पायरी सुमारे १.८५ वॅटवर येते.

वातावरणाच्या माथ्यावरचा ऊर्जा-असमतोल पाहताना त्याचा बर्फातला अर्थ लावा. अर्ध्या वॅटचा असमतोल सगळा बर्फ बनवण्यात गेला तर वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर, शंभर वर्षांत ५ मीटर. तेव्हा 'अर्धा वॅट म्हणजे जवळपास शून्य' असे या विषयात म्हणता येत नाही. सीमारेषेजवळ मॉडेल फार मंद होते. कड शंभर वर्षे हललीच नाही असे वाटते आणि मग दहा वर्षांत सगळे गोठते. सीमेजवळच्या रनना बाकीच्यांच्या तिप्पट-चौपट काळ द्या, आणि जागतिक सरासरी तापमानाऐवजी ३० अंशांच्या आतली बर्फाची जाडी पाहा. ती वाढत असेल तर पट्टा स्थिर नाही, कड जागेवर असली तरी.

पायरी ११: खडकांसमोर उभे करा

मॉडेलचा जलपट्टा ऊर्जेच्या दृष्टीने टिकला तरी तीन भूशास्त्रीय अटी उरतात. स्टर्टियन साडेपाच कोटी वर्षांहून जास्त चालले, तर मॅरिनोअनचा काळ लाखो-कोटी वर्षांच्या मापात मोजला जातो. मोकळ्या पाण्यातून आणि उघड्या जमिनीतून कार्बन डायऑक्साइड शोषला जात राहिला, तर हिमयुग इतके लांबते कसे, याचे उत्तर जलपट्ट्याला द्यावे लागते. दुसरी अट, हिमगाळावर अचानक सुरू होणारे टोपी-कार्बोनेटचे, म्हणजे टोपीसारख्या बसलेल्या कार्बोनेट खडकांचे थर. पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी नामिबियातल्या अशा थरांवर १९९८ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण हवेत प्रचंड साठलेल्या कार्बन डायऑक्साइडवर आधारलेले आहे. तो साठायला रुंद हिस्टेरेसिस लागते. पूर्ण गोठलेल्या पृथ्वीत ती आपोआप मिळते, जलपट्ट्यात खिडकी अरुंद असते. म्हणूनच पायरी ५ पासून वॅटमध्ये मोजत आलेली रुंदी महत्त्वाची. तिसरी अट, हिमनद्या उष्णकटिबंधीय समुद्रापर्यंत पोहोचल्या पाहिजेत. हाइड आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या कामात जमिनीवरच्या हिमस्तरांचे मॉडेल जोडून हे तपासले होते. तुमच्याकडे हिमस्तर मॉडेल नसेल तर किमान किनाऱ्यावरच्या जमिनीचा वार्षिक हिम-ताळेबंद काढा.

निकाल देताना प्रत्येक रनच्या पुढे या गोष्टी लिहा: सुरुवातीची स्थिती, सूर्य, कार्बन डायऑक्साइड, ग्रिड, बर्फाचे थर, बर्फाची हालचाल चालू की बंद, उघड्या व हिमाच्छादित बर्फाची परावर्तकता, क्यू-फ्लक्स, शेवटच्या पन्नास वर्षांचा ऊर्जा-असमतोल आणि कडेचा अक्षांश. मासिक आउटपुट ठेवाच, आणि निवडक रनसाठी उष्णकटिबंधाचे तीन-तीन तासांचे पृष्ठतापमान साठवा. दुपारी बर्फ वितळबिंदूला टेकते का, हे मासिक सरासरीत दिसत नाही. रिस्टार्ट फाइल (मॉडेलची त्या क्षणाची पूर्ण स्थिती) दर पन्नास वर्षांनी जपून ठेवा, कारण कोसळण्याआधीच्या स्थितीतून पुन्हा सुरू करून एकेक गुणांक बदलणे हा कारण शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.